हेअरस्टायलिस्टच्या सूचना नऊ महिने पाळल्यावर: काय टिकले, काय सोडून दिले

नऊ महिन्यांपूर्वी केस कापायला बसले असताना हेअरस्टायलिस्टने माझी एक बट बोटांत धरून विचारले, "हे टोक किती जुने असेल, सांगता येईल?" मला सांगता आले नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, फार तर थोडा अधिक वाढतो; म्हणजे चाळीस सेंटीमीटर लांबीच्या केसाचे टोक सुमारे तीन वर्षांचे असते, असा हिशेब त्यांनी मांडला. या तीन वर्षांत मी टॉवेलने किती वेळा केस खसाखसा पुसले, किती वेळा स्ट्रेटनर फिरवला, हे सगळे त्या टोकाने सोसलेले होते. टाळूबाहेर आलेला केस मृत असल्याने झालेली झीज तो स्वतः भरून काढू शकत नाही. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी ज्या सूचना दिल्या, त्या मी घरी येऊन वहीत उतरवल्या आणि तेव्हापासून, काही अपवाद सोडले तर, नेमाने पाळल्या. हा अनुभव त्या सूचनांचा आहे, कुठल्या एका शाम्पूचा किंवा यंत्राचा नव्हे.

माझे केस मध्यम जाडीचे, किंचित लहरी आणि खांद्याच्या खाली रुळणारे आहेत. पूर्वी आठवड्यातून तीन-चार वेळा स्ट्रेटनर, उरलेल्या दिवशी उंच आणि घट्ट पोनी, आणि न्हाऊन झाले की डोक्यावर टॉवेलचा पिळदार मुंडासा, असा माझा परिपाठ होता. टोकांना फाटे फुटलेले होते आणि कानांच्या वरचे तुटके केस कायम उभे राहत. वहीतल्या सूचना पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आले की त्यांतल्या निम्म्या 'हे करणे थांबवा' अशा आहेत आणि निम्म्या 'हे नव्याने करा' अशा. आज मागे वळून पाहते तेव्हा पहिल्या प्रकारातल्या जवळपास सगळ्या टिकल्या आहेत आणि दुसऱ्यातल्या बऱ्याचशा गळून पडल्या आहेत.

सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक फरक पडला तो गुंता सोडवण्याच्या पद्धतीने. ओला केस कोरड्यापेक्षा बराच अधिक ताणला जातो, पण तेवढाच दुबळाही झालेला असतो. लहरी केस ओला असताना मुळापासून खाली विंचरला की वरचे सगळे गुंते खाली ढकलले जाऊन एकाच गाठीत जमतात आणि मग आपण ती गाठ ओढून तोडतो. त्यामुळे मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा, शेवटच्या पाच सेंटीमीटरपासून सुरुवात करायची, तो भाग मोकळा झाला की थोडे वर सरकायचे आणि दुसऱ्या हाताने बट वरच्या बाजूला घट्ट धरून ठेवायची, म्हणजे ताण टाळूपर्यंत पोहोचत नाही. हे वाचायला क्षुल्लक वाटते. पहिल्या आठवड्यात मला दुप्पट वेळ लागत होता आणि मी मनातल्या मनात त्या बाईंना नावेही ठेवली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र कंगव्यात अडकणाऱ्या केसांत तुटके, आखूड तुकडे दिसेनासे झाले. मुळासकट गळलेले लांब केस तेवढे उरले. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरट गोळा असतो, तुटलेल्याला नसतो, हा फरकही मला त्यांनीच दाखवला होता आणि पुढे एका प्रसंगी तो फार उपयोगी पडला.

टॉवेलचेही तसेच. घासणे बंद करून मी आता जुन्या सुती टीशर्टमध्ये केस गुंडाळून नुसते दाबते. केसाच्या बाहेरच्या आवरणाचे खवले छपरावरच्या कौलांसारखे मुळाकडून टोकाकडे उतरते रचलेले असतात. उलटसुलट घासले की ते उचकटतात, एकमेकांत अडकतात आणि केस पिंजारलेला दिसतो. याला ना खर्च आहे ना जास्तीचा वेळ, आणि एखाद्या मैत्रिणीला एकच सूचना सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

न्हाण्याच्या सूचनांनी मला थोडे खजील केले, कारण इतकी वर्षे मी सगळे उलटे करत होते. शाम्पू टाळूसाठी असतो. तो बोटांच्या पेरांनी मुळांशी चोळायचा, आणि खाली वाहणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर कानांच्या खालच्या लांबीला लावायचा, तोही केसांतले पाणी हाताने पिळून काढल्यानंतर, एरवी तो पातळ होऊन वाहून जातो. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार अधिक असतो आणि कंडिशनरमधील धन प्रभाराचे घटक नेमके तिथे चिकटतात, म्हणून टोकांना त्याची गरज जास्त आणि मुळांना कमी. मी आधी तो डोक्यावर थापत असे आणि दुसऱ्याच दिवशी केस तेलकट होतात म्हणून शाम्पूला दोष देत असे. जागा बदलल्यावर माझे न्हाणे एक दिवसाआडवरून आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, एवढ्यावर आले. कंडिशनर दहा-पंधरा मिनिटे ठेवून पाहिला, पण दोन-तीन मिनिटांच्या तुलनेत मला काहीच वेगळे जाणवले नाही.

आता ड्रायर. याबाबत मी सर्वांत जास्त साशंक होते, कारण केस आपोआप वाळू देणे हेच सर्वांत सौम्य, अशी माझी पक्की समजूत होती. केस तासन् तास ओला राहिला तर तो आतून फुगलेला राहतो आणि तोही एक ताणच आहे. ड्रायर सुमारे पंधरा सेंटीमीटर अंतरावर धरून सतत हलता ठेवला तर त्याचा वापर बेताचा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी शिकवलेला क्रम असा: आधी टीशर्टने पाणी टिपून घ्यायचे, मग ब्रश न वापरता नुसत्या बोटांनी केस हलवत मुळांकडून सुरुवात करून साधारण ऐंशी टक्के वाळवायचे, आणि त्यानंतरच नोझल लावून ब्रशने आकार द्यायचा. नोझलचे तोंड नेहमी खाली, टोकांच्या दिशेने, म्हणजे कौले बसती राहतात. कपाळाजवळचे केस सर्वांत आधी हाताळायचे, कारण ते सर्वांत लवकर वाळतात आणि एकदा वाकडे वाळले की पुन्हा भिजवल्याशिवाय वळत नाहीत. मुळांशी उठाव हवा असेल तर भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला पाडून वाळवायचे आणि पूर्ण वाळल्यावर तो जागेवर आणायचा. ही एक युक्ती एवढी चोख आहे की केसांना उठाव देण्यासाठी विकत घेतलेला फेस (मूस) माझ्याकडे तसाच पडून आहे.

या सगळ्यामागचे कारण समजल्यावर मला रोजची केशरचना सोपी वाटू लागली. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्या केराटिनच्या साखळ्यांमध्ये जे हायड्रोजन बंध असतात, ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणूनच ओल्या केसांना बांधलेल्या रबराची खाच दिवसभर जात नाही, म्हणूनच दमट हवेत सरळ केलेले केस पुन्हा लहरी होतात, आणि म्हणूनच गरम हवेनंतर केस ब्रशवरच थंड होऊ दिला तर वळण टिकते. ड्रायरवरचे थंड हवेचे बटण कशासाठी असते, हे मला इतक्या वर्षांनी कळले. रात्री किंचित दमट केसांची सैल वेणी घालून झोपले की सकाळी कसल्याही उष्णतेशिवाय छान लहरी मिळतात. मात्र केस चिंब ओले असतील तर वेणी आतून वाळतच नाही आणि सकाळी नुसता कुबट वास येतो, हे मी दोनदा अनुभवले आहे. दुसऱ्या दिवशी केस बसले असतील तर सगळे न धुता फक्त कपाळाजवळची बट ओली करून पुन्हा वाळवायची, या उपायाने माझ्या कित्येक सकाळी वाचल्या.

स्ट्रेटनर मी सोडलेला नाही, पण आठवड्यातून एकदाच वापरते. तापमान २३० अंशांवरून १८० वर आणले, बट दोन बोटांपेक्षा रुंद घ्यायची नाही आणि एका बटेवरून एकदाच, सावकाश फिरवायचा. ओल्या केसावर स्ट्रेटनर लावल्यावर जो चर्र आवाज येतो, तो आतल्या पाण्याची वाफ होण्याचा असतो आणि त्या वाफेने केसाच्या आत बुडबुडे तयार होऊन तो तिथेच तुटतो, हे ऐकल्यापासून मी घाईतसुद्धा केस पूर्ण वाळवल्याखेरीज त्याला हात लावत नाही. १८० अंशांवर माझे केस पूर्वीइतके सपाट होत नाहीत, हे मान्य करायला हवे. ज्यांना आरशासारखा सरळपणा हवा आहे, त्यांचे यावर समाधान होणार नाही.

तिसऱ्या महिन्यात मी हे सगळे जवळजवळ सोडून दिले होते. अचानक केस मूठ-मूठ गळू लागले. दिवसाला ५० ते १०० केस गळणे सामान्य मानले जाते, पण एका न्हाण्यात जाळीवर जमणारा पुंजका त्याच्या कितीतरी पुढचा होता. साहजिकच मी नव्या सवयींना दोष दिला. मग ती पांढरट गोळ्याची खूण आठवली: सगळे केस मुळासकट गळत होते, तुटत नव्हते, म्हणजे कंगव्याचा किंवा ड्रायरचा यात हात नसावा. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला तो दोन-तीन महिन्यांपूर्वी काही आजार झाला होता का, असा. झाला होता, चांगला आठवडाभर ताप होता. अशा आजारात बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती अवस्था संपल्यावर, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, एकत्र गळतात, असे त्यांनी सांगितले. गळती पुढच्या काही महिन्यांत हळूहळू थांबली आणि आता भांगाजवळ नवे आखूड केस उभे दिसतात. केसांच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर असू शकते, हे ठाऊक नसल्याने माणसे दर महिन्याला शाम्पू बदलत राहतात. मीही त्यांतलीच एक होते.

ज्या सूचना माझ्यापुरत्या फसल्या, त्यांत तेल पहिले. न्हाण्याआधी तासभर खोबरेल तेल लांबीला लावा, असे त्यांनी सांगितले होते. हे तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, त्यामुळे सूचना योग्यच होती. मी मात्र अधिक ते चांगले, या हिशेबाने रात्रभर आणि टाळूवरही लावू लागले. कपाळावर पुटकुळ्या आल्या आणि थोडासा असलेला कोंडा वाढला. कोंड्याशी संबंधित बुरशी मेदावरच पोसते, हे नंतर कळले. आता फक्त टोकांना, फक्त तासभर, आणि तेही आठवण राहिली तर. दर आठवड्याचा हेअर मास्क मी चौथ्या महिन्यात बंद केला, कारण माझ्या केसांवर नेहमीच्या कंडिशनरपेक्षा त्याचा वेगळा परिणाम दिसला नाही. सीरमचे दोन थेंब माझ्या केसांना जड होतात. अर्धा थेंब तळहातांवर चोळून फक्त शेवटच्या काही सेंटीमीटरना लावला तर ठीक. ड्राय शाम्पू अडचणीच्या वेळी कामाचा आहे, पण तो तेल शोषतो, धुत नाही, आणि लागोपाठ दोन दिवस वापरला की मला खाज सुटते.

एका बाबतीत माझे त्यांच्याशी उघड मतभेद झाले. दर आठ आठवड्यांनी टोके कापा, असा त्यांचा आग्रह होता. कापल्याने केस वेगाने वाढतो, ही समजूत चुकीची आहे आणि त्यांनीही तसा दावा केला नाही. फुटलेला फाटा वर चढत जाऊ नये, एवढाच हेतू होता. पण झीजच कमी झाल्यावर फाटे फुटण्याचा वेगही मंदावला, आणि मी तीन महिन्यांचे अंतर ठेवले. गेल्या वेळी त्यांनी बट उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता नेहमीपेक्षा कमी कापले.

घट्ट पोनीऐवजी आता मानेजवळ सैल अंबाडा किंवा क्लचर असतो, आणि रबर कापडाने मढवलेले. कानांवरचे तुटके केस त्यामुळेच कमी झाले, असा माझा अंदाज आहे. अनेक गोष्टी एकदम बदलल्याने खात्रीने सांगता येत नाही. कुरळ्या किंवा रासायनिक प्रक्रिया केलेल्या केसांना यांतले किती लागू पडेल, हे माझ्या अनुभवातून ठरवू नये. गोल ब्रशने मागचे केस वळवणे मला अजूनही जमत नाही. हात भरून येतात आणि डावी बाजू नेहमी उजवीपेक्षा चपटी राहते.

मधल्या कापण्या धरून माझ्या हिशेबाने आता मुळांपासूनचे दहाएक सेंटीमीटर या सवयींत वाढलेले आहेत आणि खाली पंचवीसेक सेंटीमीटर जुने. बोटांनी बट वरून खाली ओढत नेली की तो सांधा जाणवतो: वर गुळगुळीत, खाली किंचित खरखरीत.