बंदूक घेणाऱ्यानेच बंदुकीची किंमत केली तेव्हा

वारसाने आलेल्या जुन्या बंदुका विकायला काढल्या की फसवणारा चांगल्या बंदुकीला नावं ठेवेल, अशी आपली समजूत असते. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी ते फारसं केलंच नाही. त्यांनी टुकार बंदुकीचं तोंडभर कौतुक केलं, तिला बरा भाव दिला आणि चांगली बंदूक त्याच सौद्यात जाता जाता उचलली.

आजोबांच्या तीन शिकारी बंदुका काकांकडे होत्या. काका गेल्यावर त्या काकूंच्या नावावर आल्या. दोन दुनळ्या, एक रायफल. त्यातली एक दुनळी फार देखणी. बाजूच्या पट्ट्यांवर कुत्री, बदकं, वेलबुट्टी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आणि मधल्या पट्टीवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नाव. दुसरी तिच्यापुढे अगदी साधी. बारीक कोरीव काम, तेही हाताळून पुसट झालेलं. लंडनचं नाव होतं, आणि मधल्या पट्टीवर सोन्यात भरलेला ‘२’ हा आकडा.

व्यापारी बोलायला गोड. “ताई, ही रिचर्ड्स म्हणजे तुमच्या घरातला दागिना आहे,” म्हणाले. साध्या बंदुकीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की हे नाव कारखान्याचं नाही, दुकानदाराचं आहे. आणि दोन आकडा म्हणजे दुसऱ्या प्रतीचा माल. त्यातली पहिली गोष्ट अर्धी खरी असते, म्हणूनच ती गळी उतरते. बर्मिंगहॅममध्ये तयार झालेल्या कितीतरी बंदुकांवर गावोगावच्या विक्रेत्यांची नावं कोरलेली असत. दुसरी गोष्ट मात्र धडधडीत खोटी. श्रीमंत शिकारी एकसारख्या दोन बंदुका जोडीने बनवून घेत, म्हणजे एक झाडेपर्यंत मदतनीस दुसरी भरून देई. त्या ओळखता याव्यात म्हणून पट्टीवर, वरच्या खिटीवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर १ आणि २ असे आकडे घालत. ‘२’ म्हणजे जोडीतली दुसरी. दर्जाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आणि पूर्ण जोडीला जी किंमत येते, ती दोन सुट्या बंदुकांच्या बेरजेपेक्षा जास्त असते.

सौदा झाला आणि थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. “ती रिकामी चामड्याची पेटी पडून असेल तर देऊन टाका, मुलांना खेळायला होईल.” बंदुकीच्या व्यापाऱ्याला मुलांच्या खेळण्याची एवढी काळजी? चुलतभावाने पेटी उघडली. आतल्या लाल कापडाचे कप्पे नीट पाहिले तर दोन दस्त्यांची जागा, दोन जोड नळ्यांची जागा. पेटी जोडीची होती. झाकणाच्या आत बनवणाऱ्याचं छापील लेबल, त्यावर पत्ता. हे पत्ते फार कामाचे असतात. लंडनच्या पर्डी या नामांकित बंदूककारांच्या बंदुकीवर ऑक्सफर्ड स्ट्रीट ३१४½ असेल तर ती त्यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑडली हाउसमध्ये जाण्याआधीची. नावाचंही तसंच, ‘वेब्ली अँड स्कॉट’ असं कंपनीचं जोडनाव दिसलं तर १८९७ च्या आधीची बंदूक नाहीच. अर्थात पेट्या आणि लेबलं बदलता येतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

खरी कुंडली नळ्यांच्या पोटाशी असते. दुनळी मधून वाकवून उघडायची, पुढचं लाकूड काढायचं, नळ्या वेगळ्या करून उलट्या धरायच्या. बुडाजवळच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात, ते प्रूफ मार्क. नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून पाहायचा आणि ती टिकली तरच ठसा मारायचा, ही युरोपातली जुनी पद्धत. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बेल्जियममधल्या लीजचं प्रूफ हाउस १६७२ चं, बर्मिंगहॅमचं १८१३ चं. नक्षी, नाव, पेटी सगळं खोटं करता येतं. हे ठसे खोटे करायला फारसं कोणी जात नाही, कारण बघणारेच थोडे.

भावाने काकांच्या हयातीत साफसफाई करताना दोन्ही दुनळ्यांचे फोटो काढून ठेवले होते, म्हणून आम्हाला हे नंतर तरी वाचता आलं. देखण्या बंदुकीवर अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ आणि वर मुकुट. हा लीजचा १८९३ पासूनचा ठसा. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्लिश बंदूककाराच्या नावाशी गोंधळ व्हावा म्हणून ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ कोरलेल्या स्वस्त बेल्जियन बंदुका त्या काळी ढिगाने बाहेर गेल्या, त्यातलीच ही एक. बेल्जियममध्ये उत्तम बंदुकाही होत, हे खरं. ही मात्र त्यांतली नव्हती.

साध्या बंदुकीवर लंडनचे ठसे, ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द आणि समभुज चौकोनात १२ व ‘सी’. तो चौकोन ब्रिटिश बंदुकांवर १८८७ ते १९५४ या काळात मारत. नायट्रो म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, आणि तो प्रकार १८९६ च्या नियमांपासूनचा. १९५४ नंतर दाब टनांत लिहू लागले, तसं काही फोटोत नव्हतं. ठसा तपासणीची तारीख सांगतो, जन्माची नाही. जुनी बंदूक पुढे पुन्हा तपासून घेतलेली असू शकते. शेवटचा शब्द सीरियल नंबरचा. तो बनवणाऱ्यांना कळवला, त्यांच्या जुन्या वहीत नोंद सापडली: जोडी, क्रमांक दोन. अशा नोंदी बऱ्याच जुन्या नावांच्या उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीच्या कित्येक बंदुकांच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात मिळतात.

रायफलचं प्रकरण जास्त चीड आणणारं. माउझर बनावटीची जर्मन रायफल. “विक्रीआधी फुकट स्वच्छ करून देतो” म्हणून नेली आणि आणली ती आरशासारखी चकचकीत. मूळचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, गेलं, अक्षरांच्या कडा घासून गोल झाल्या. मग तेच म्हणाले, “खुणा वाचता येत नाहीत, आता हिला कोण विचारणार?” जुन्या बंदुकीचा मूळ पृष्ठभाग हाच तिचा भाव असतो. मऊ कापड आणि थोडं तेल, याच्या पुढे कोणालाही हात लावू देऊ नये. सुदैवाने ती काकूंनी विकली नाही. पुढे जाणकाराने दस्ता सोडवला तेव्हा लाकडाखाली लपलेला नळीचा भाग शाबूत निघाला आणि त्यावर ‘५.२७’ असा ठसा. जर्मन प्रूफ हाउस त्या काळात महिना आणि वर्ष असंच मारत, म्हणजे मे १९२७.

घाई करायला लावण्यासाठी व्यापाऱ्याकडे कायद्याचा बागुलबुवा होता: लगेच विकलं नाही तर सरकार जप्त करेल. वारसाने विनापरवाना बंदूक घरात ठेवू नये हे बरोबर, पण निर्णय होईपर्यंत ती अधिकृत ठिकाणी जमा ठेवायची सोय अनेक देशांत असते. ती आधी विचारा. आणि दमास्कसच्या नळ्या उडवून बघण्याचा मोह कोणालाही झाला तरी जाणकाराने तपासल्याशिवाय काडतूस घालू नये.

किंमत करणारा ठरलेली फी घेणारा हवा, टक्क्यांवर काम करणारा नको, आणि ‘ही वस्तू मी विकत घेणार नाही’ असं त्याने लिहून द्यावं. विम्यासाठीचा आकडा आणि विक्रीचा आकडा वेगळे असतात. जाहिरातीत कोणी काय मागतोय ते सोडा, लिलावात प्रत्यक्षात काय आलं ते बघा.

आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी पावती मागितली. पावतीवर होतं, ‘जुन्या दुनळी बंदुका, नग दोन, जशा आहेत तशा’, आणि खाली दोन्हींची मिळून एकच रक्कम. नाव नाही, नंबर नाही, ठशांचा उल्लेख नाही. कोणती बंदूक केवढ्याला गेली हेच कागदावर नसेल, तर फसवलं कशात हे दाखवायचं कसं, असं ते म्हणाले. त्यांची फी मात्र वेगळ्या पावतीवर, तपशीलवार मिळाली.