व्हॅनसाठी ट्युब्युलर की लिथियम?

नाशिकरोडच्या मित्राने व्हॅनमध्ये बिछाना, छोटा फ्रिज बसवला. आता अडलंय बॅटरीपाशी. भंडारदऱ्याला वीज न जोडता दोन रात्री काढायच्यात.

आधी गरज मोजू. ४५ वॅटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॅट-तास. पंखा, दिवे, मोबाइल धरून साडेआठशेच्या आसपास.

घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी, कागदावर १८०० वॅट-तास देते. पण ती निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर खंगते, म्हणजे हाताशी ९००. १०० एएचची, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट १२८० ची. ८० टक्के बिनधास्त वापरा, हजारावर वॅट-तास मिळतात. काम जवळपास सारखंच.

वजनात मात्र तुलनाच नाही: एक पन्नास किलोच्या पुढे, दुसरी बारा-तेरा. कसारा घाट चढताना हे कळतं. शिवाय ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सोडते. बंद गाडीत, डोक्याशी ती ठेवून झोपायचं? मला पटत नाही. वर डिस्टिल्ड वॉटरचं लचांड.

लिथियम साधारण दुप्पट महाग, आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणारं वीज जनित्र) भरायला विजेचा दाब जुळवणारा वेगळा डीसी-डीसी चार्जर लागतो, तो खर्च दुकानदार शेवटी सांगतो. तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करू नये, पण निफाडच्या थंडीतही ती वेळ क्वचितच.

दुसऱ्या रात्रीसाठी दोन्हींना सोलर किंवा ड्रायव्हिंग हवंच; पावसाळी इगतपुरीत पॅनलवर विसंबू नका.

वर्षातून दोनदाच जाणार, फ्रिज नको, तर बॅटरीला बाहेर हवा जाणारा कप्पा करून ट्युब्युलर चालेल. दर महिन्याला निघणाऱ्याने लिथियमच घ्यावी.