श्रीखंडाच्या डब्यातलं सिमेंट : अकरा महिने, एक उन्हाळा, एक पावसाळा

मागच्या दिवाळीत मुलाच्या किल्ल्याला बुरूज हवे होते. मातीचे बुरूज दरवर्षी वसुबारसेला उभे राहतात आणि नरकचतुर्दशीला बसतात. घराच्या दुरुस्तीतून उरलेलं थोडं सिमेंट जिन्याखाली होतं, ते कालवून चहाच्या कागदी पेल्यांत ओतलं. दुसऱ्या दिवशी पेला फाडला तर तळाची बारीक कडासुद्धा बुरुजावर जशीच्या तशी उतरलेली. किल्ला आवरला, पण माझं वेड काही आवरलं नाही.

तेव्हापासून आत्तापर्यंत मी २३ वस्तू केल्या : कुंड्या, पणत्या, पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं, एक लांबट डोण, दोन कंदील. नवरात्राची साफसफाई करताना सगळ्यांचा हिशेब मांडला. १४ धडधाकट आहेत, ५ तडकल्यात पण कामाला येतात, ४ कचऱ्यात गेल्या. नव्या-नव्या वस्तूचे फोटो सगळेच टाकतात. पुण्यातला एप्रिल आणि नंतरचा जुलै काढल्यावर तिचं काय होतं, ते सांगायला बसलेय.

पहिल्या दहा-बारा वस्तू मी चुकीच्या केल्या, आणि चूक एकच होती, पाणी. मिश्रण धिरड्याच्या पिठासारखं सैल केलं की साच्यात छान पसरतं, कोपऱ्यांत जातं, वरून आपोआप सपाट होतं. आपल्याला वाटतं जमलं. दोन घरं पलीकडे बांधकाम चालू होतं, तिथले गवंडी मामा एकदा कुंपणावरून माझ्या घमेल्यात डोकावले आणि म्हणाले, "वहिनी, ही आमटी झाली. कुंडी करायचीय ना? मग लाडू वळला पाहिजे."

लाडवाची ही परीक्षा मी आता प्रत्येक वेळी घेते. कालवलेला माल मुठीत दाबायचा. लाडू वळला पाहिजे, मूठ उघडल्यावर फुटता कामा नये आणि बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. माझ्या पहिल्या कुंड्यांवर नख ओढलं तरी पांढरी पूड निघायची, ती त्यामुळेच. घट्ट माल साच्यात आपणहून पसरत नाही, तो काठीने ठासावा लागतो आणि साच्याच्या बाहेरून थापीच्या दांड्याने ठोकत राहावं लागतं, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा साचा वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेवून ड्रायर लावला. बुडबुडे गेले, साचाही गेला, खाली.

नंतरचं पाणी मात्र कंजूषी न करता द्यायचं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणून साच्यातून काढलेली कुंडी उन्हात वाळत ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. मी ओलं बारदान गुंडाळते, वरून प्लास्टिक, आणि दिवसातून दोनदा पाणी मारते. मामा १४ दिवस सांगतात. सात दिवसांत कंटाळून सोडलेल्या कुंड्या आणि १४ दिवस सांभाळलेल्या कुंड्या आता शेजारी-शेजारी ठेवल्या तर आंधळ्यालाही कळेल. सातवाल्यांचे काठ झडलेत.

आता साच्यांकडे वळते. माझा सर्वांत लाडका साचा अजूनही एक किलो श्रीखंडाचा डबा. तोंड रुंद, बूड अरुंद, त्यामुळे उलटा करून दोन थपडा मारल्या की वस्तू सुटते. पोट मोठं आणि तोंड लहान असलेलं काहीही घेऊ नका, ते कापूनच काढावं लागतं. मोठ्या कुंडीला बाहेरून चार लिटरची रंगाची बादली आणि आतून आइस्क्रीमचा डबा, मध्ये बोटभर जाडी. आतल्या डब्यात वाळू भरायची, नाहीतर तो तरंगत वर येतो. तळाच्या भोकासाठी जुन्या स्केचपेनाचं टोपण तेल लावून उभं केलं की झालं. दुधाच्या पिशव्या मी गंमत म्हणून वापरल्या आणि त्यांचा निकाल अनपेक्षितरीत्या देखणा लागला. पिशवीच्या चुण्या सिमेंटवर उमटतात, पृष्ठभाग काचेसारखा तुकतुकीत येतो, दगडी उशी ठेवल्यासारखी वस्तू दिसते. थर्माकोलच्या खोक्याच्या वाटेला जाऊ नका. त्याचे पांढरे मणी सिमेंटला चिकटतात, घरभर उडतात, आणि तुम्ही सहा महिने ते वेचत बसता.

साच्याला आतून काय लावायचं, यावर माझे तीन महिने गेले. आधी खोबरेल. डिसेंबरात ते थिजलं आणि त्याच्या गाठींचे खळगे कुंडीवर उमटले, देवी आलेल्यासारखे. मग शेंगदाण्याचं तेल, तर मुंग्यांची रांग. सेंट्रिंगवाले, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा बांधणारे, फळ्यांना गाडीचं जळकं ऑइल लावतात, ते करड्या सिमेंटला चालतं, पण पांढऱ्या सिमेंटच्या पणत्यांवर डाग पडले आणि वास महिनाभर गेला नाही. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून शटरिंग ऑइलचा, म्हणजे साच्यांना लावायच्या खास तेलाचा, छोटा डबा आणला. बोटाने नाही, फडक्याने पुसून लावायचं, चमक दिसेल इतपतच.

आणि सासूबाईंचा स्टीलचा डबा. उभा, गोल, त्यांच्या लग्नातला. त्या गावी गेल्या होत्या. तेल लावायला मी विसरले, एवढंच इथे लिहिते. बाकीचं शेवटी.

मिश्रणाचं माझं प्रमाण एक घमेलं सिमेंट आणि तीन घमेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) असं स्थिरावलं. पणतीसारख्या नाजूक कामाला एकास दोन. नदीची वाळू इकडे मिळत नाही आणि शोधूही नये. क्रश सँड मागताना प्लास्टरची मागायची, काँक्रीटची जाड येते आणि काठ खडबडीत होतो. सिमेंटचं ५० किलोचं पोतं साडेतीनशे-चारशेच्या घरात पडतं. त्यात साधारण ३५ लिटर माल असतो, म्हणजे छंद करणाऱ्याला डोंगरच. मी अर्धं पोतं तसंच तोंड बांधून ठेवलं, जूनमध्ये उघडलं तर आत खडे. आता सिमेंट आणलं की त्याच दिवशी झाकणाच्या बादल्यांत विभागून ठेवते आणि तीन महिन्यांपेक्षा जुनं वापरत नाही.

सगळ्यात जास्त जीव लावला तो अळूच्या पानावर. कोकणातून येताना भावाने सुपाएवढी पानं आणली होती, भाजीचं नव्हे, परसात माजलेलं रानअळू. वाळूचा ढीग केला, त्यावर प्लास्टिक, त्यावर पान पालथं, म्हणजे शिरा वर. देठ मुळापासून कापलेला. त्यावर घट्ट माल हाताने थापत गेले, मध्ये दोन बोटं जाड, काठाकडे एक बोट, आणि मधल्या थरात खिडकीची जुनी नायलॉनची डासजाळी. दोन दिवस झाकून ठेवलं. उलटं केलं तेव्हा पान सिमेंटला घट्ट चिकटून, काळपट पडलेलं. एका टोकाने सोलायला घेतलं तशी खाली एकेक शीर उघडी होत गेली, मधली जाड, मग फाटे, मग फाट्यांचे फाटे, इतके बारीक की ब्रशच्या केसाएवढे. जिथे पान फाटून राहिलं तिथे ओढाओढ केली नाही, आठवड्यात ते वाळून आपोआप गळलं. हातमोजे दोन कारणांनी घाला : सिमेंट आणि अळूची खाज. मला दोन्ही मिळालं.

ते पान आता पक्ष्यांचं पाण्याचं भांडं आहे. बुलबुल येतात, साळुंक्या येतात, कावळे पोळी भिजवायला येतात. पाणी मी दर तीन दिवसांनी ओतून भांडं घासते. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि डेंग्यूचा डास अशीच स्वच्छ पाण्याची छोटी भांडी शोधत असतो. इतकी काळजी घ्यायची तयारी नसेल तर पानाला मध्ये भोक ठेवा आणि नुसतं शोभेला मांडा.

दुसरा प्रयोग नकली जांभ्याचा. इंग्लंडमधल्या माळ्यांनी जुन्या दगडी डोण्यांची नक्कल करायला सिमेंटमध्ये पीट, म्हणजे दलदलीतला कुजका पालापाचोळा, मिसळलं, त्याला हायपरटुफा म्हणतात. मी पीटऐवजी भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, घेतलं : सिमेंट दोन भाग, कोकोपीट तीन, परलाइट (बागकामातले हलके पांढरे खडे) तीन, आणि वर रेड ऑक्साइड, म्हणजे तांबडा रंग, सिमेंटच्या वजनाच्या शेकडा पाच. आमच्या गावच्या घरामागे चिऱ्याची खाण आहे आणि मी पुण्यात गच्चीवर बसून जांभा कालवतेय, हे भावाला फोनवर सांगितल्यावर तो बराच वेळ बोललाच नाही. पण वस्तू झकास झाली. २४ तासांनी, अजून ओली असतानाच, तारेच्या ब्रशने खरवडली की भोकं उघडी पडतात आणि रंग उतरतो तो थेट जांभ्याचा. साधी आठ इंची कुंडी सहा किलोची, ही साडेतीन. ऑगस्टमध्ये तिच्यावर शेवाळ चढलं ते इतकं मऊ आणि हिरवंगार, की मी तिच्यात काही लावलंच नाही.

वजनावरून आठवलं. २३ वस्तू म्हणजे काही खेळ नाही. ओल्या मातीसकट एकेक कुंडी दहा-बारा किलोवर जाते. गच्चीच्या मधोमध गोल करून मांडायचा मोह होतो, तो आवरा. भिंतीच्या आणि तुळईच्या कडेने ठेवा.

लोखंडी जाळी घालून सिमेंटच्या कुंड्या करणं हे काही नवं नाही. फ्रान्समधला जोसेफ मोनिए हा माळीच होता, त्याने जाळी घातलेल्या अशा कुंड्यांचं पेटंट १८६७ साली घेतलं, आणि आज आपल्या डोक्यावर जो स्लॅब आहे त्याच्या पूर्वजांत या कुंड्या येतात. हे वाचून मी हुरळले आणि लांब डोणीत कोंबडीजाळी घातली. एका कोपऱ्यात ती पृष्ठभागाच्या फार जवळ राहिली. जुलैत तिथून गंजाचे ओघळ आले आणि सप्टेंबरात तो कोपरा सुटला. जाळीवर दोन्ही बाजूंनी निदान दीड-दोन सेंटिमीटर माल हवा. पातळ भिंतीत ते जमत नाही, तिथे नायलॉनच बरी.

आता कचऱ्यात गेलेल्या चार. दोन टॉवेलच्या कुंड्या. जुना टॉवेल सिमेंटच्या पातळ घोळात बुडवून बादलीवर पालथा टाकायचा, छान झालर पडते, सगळीकडे व्हिडिओ फिरतात. फोटो माझाही सुंदर आला होता. पहिल्या मोठ्या पावसानंतर वरचं सिमेंट पापुद्र्यांनी सुटलं, आतला टॉवेल कुजला, आणि श्रावणात मी त्या सुपलीने भरून टाकल्या. उरलेले दोन म्हणजे फुग्यावर केलेले कंदील. फुगा माल घट्ट व्हायच्या आधीच बसला. फुग्याऐवजी मुलाचा फुटका रबरी चेंडू अर्धा कापून घेतला, त्याच्या वाट्या मात्र अजून ठणठणीत आहेत.

रोपांचं म्हणाल तर नव्या सिमेंटमधून चुना पाझरतो. कुंडी तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं. वर पांढरी साय धरते ती थांबेपर्यंत. मला घाई होती, अनंताचं रोप सरळ नव्या कुंडीत लावलं. त्याला आंबट, म्हणजे आम्लधर्मी, माती लागते. महिन्याभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. परत प्लास्टिकच्या कुंडीत हलवलं तेव्हा कुठे सावरलं. कोरफड, अडेनियम, स्नेक प्लांट यांनी तक्रार केली नाही. पावसाळ्यात कुंड्यांवर बाहेरून पांढरा खार फुटतो, त्याने घाबरू नका, सुक्या ब्रशने जातो. बाहेरून रंग देणार असाल तर आतून वॉटरप्रूफिंगचा हात आधी द्या. मी नुसता बाहेरून दिला आणि मातीतल्या ओलीने तो आतून फुगवून काढला. माल कालवतानाच ऑक्साइड घातलेल्या कुंड्यांचा रंग तसाच आहे.

दोन गोष्टी स्वतःच्या लाजेसकट सांगते. पहिल्या दिवशी मी उघड्या हातांनी माल कालवला. तेव्हा काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं सोलली आणि आठवडाभर लिंबू पिळता आलं नाही. ओलं सिमेंट चुन्यासारखं भाजतं, फक्त सावकाश. हातमोजे घाला, आणि कोरडं सिमेंट ओतताना तोंडाला मास्क. दुसरी गोष्ट, घमेलं धुतलेलं पाणी मी मोरीत ओतत होते. जानेवारीत मोरी तुंबली. प्लंबरने पाइपातून काढलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हे पण तुम्हीच बनवलंय का?" घोटीव, गोल, बुडबुडा एकही नाही. माझं तोवरचं सर्वोत्तम काम. आता धुतलेलं पाणी जुन्या बादलीत बसू देते, वरचं पाणी निवळलं की त्यातच पुढचं घमेलं धुते आणि खालचा गाळ वाळवून राडारोड्यात टाकते.

पैसे वाचले का? नाही. पोती, ऑक्साइड, परलाइट, प्लंबर, सगळं धरलं तर बाजारातल्या तयार कुंड्या स्वस्त पडल्या असत्या. अळूचं पान मात्र बाजारात मिळालं नसतं. चंडीगढचं रॉक गार्डन पाहिलं असेल तर कळेल मी काय म्हणते. नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि सिमेंट यांतून सबंध बाग उभी केली, ती १९७६ साली लोकांना खुली झाली. माझ्या गच्चीचं आणि त्या बागेचं नातं काजवा-सूर्याचं आहे, पण फुटकी कपबशी टाकताना आता माझा हात थांबतो.

या दिवाळीला किल्ल्याचे बुरूज गेल्या वर्षीचेच, शाबूत आहेत. मुलाला तटबंदी हवी आहे, त्यासाठी बुटाच्या खोक्यांना आतून दुधाच्या पिशव्या लावून ठेवल्यात. सासूबाईंना तुळशीवृंदावन हवंय. त्यांच्या डब्याचं काय झालं, तर माझ्याकडून, मामांकडून, कुणाकडूनच तो सिमेंटपासून सुटला नाही. गच्चीचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे टेकू म्हणून बसलाय. येता-जाता त्या त्याच्यावरची धूळ पदराने पुसतात.