लेबलच्या कामाआधी सही घेणारी डिझायनर

नाशिकला इंदिरानगरमध्ये माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. काळा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि थालीपीठ भाजणी. तिन्हींची लेबलं यंदा गंगापूर रोडला घरून काम करणाऱ्या एका फ्रीलान्स डिझायनरकडून करून घेतली. मुलगी तिशीची असेल, मला काकू म्हणते. नाव देत नाही, पण असं काम देणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्याच भेटीत तिने चहा दिला आणि पाठोपाठ एक छापील पान पुढे ठेवलं. तीन लेबलांचे 9,000 रुपये, निम्मे आधी. दोनदा करेक्शन त्यातच, पुढे दर खेपेला 500. पहिला नमुना आठ दिवसांत. फोन सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा. शेवटी छपाईची पीडीएफ मिळेल, ओपन फाइलचे, म्हणजे पुढे बदल करता येतील अशा मूळ फाइलचे पैसे वेगळे. खाली सही करायची. मला ते जरा लागलंच. पण मागचा अनुभव आठवला आणि सही केली.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाला काम दिलं होतं. तो कशालाच नाही म्हणायचा नाही. रात्री अकराला मेसेज टाकला तरी 'करतो काकू'. पैशांचं काहीच ठरलं नव्हतं. दीड महिन्यात तोही वैतागला, मीही. शेवटी फाइल प्रेसला गेली तर अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसला तरी तशीच दिसतील अशा आकारांत बदललेली नव्हती. तिथल्या मशीनवर तो मराठी फॉन्ट नव्हता, त्यामुळे 'मसाला'च्या जागी भलतीच चिन्हं आली. तोवर त्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

या मुलीकडे नमुना वेळेत आला. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मग सुरू झालं. दीर म्हणाले नाव मोठं करा, लेकीला रंग आवडला नाही, जाऊबाईंना मिरचीचं चित्र हवं होतं. जसं येईल तसं मी तिला पुढे पाठवत राहिले. तिचा उत्तरात फोन आला, "काकू, घरात सगळ्यांना विचारा, पण मला एकच यादी द्या, तुम्ही ठरवलेली." मग तिने नमुना कागदावर छापून माझ्या पाकिटाला सेलोटेपने चिकटवायला सांगितला. पाकीट फडताळात ठेवून मी चार हात लांब उभी राहिले. नाव लांबूनही वाचता येत होतं. मिरचीची गरज नव्हती, पण वजनाचा आकडा मात्र शोधावा लागत होता. मोबाईलवर दहा वेळा बघूनही ते ध्यानात आलं नव्हतं. चौदा मुद्द्यांची यादी चारवर आली आणि एका खेपेत काम झालं.

एका गोष्टीला तिने ठाम नकार दिला. मला सगळं लेबल मराठीत हवं होतं. नाव मराठीतच राहील, पण घटक, निव्वळ वजन, किंमत ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागतेच, मराठी सोबत जादा देता येते, असं तिने समजावलं. हिरवा शाकाहारी ठिपका आणि परवान्याचा चौदा आकडी नंबर तिने माझ्याकडून पुन्हा तपासून घेतला. मोबाईलवर दिसणारा झगझगीत लाल रंग छपाईच्या शाईत तसा येणार नाही, हेही आधीच सांगितलं. प्रेसमधून प्रूफ आलं तेव्हा मला धक्का बसला नाही.

तक्रार एकच. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या प्रदर्शनात मी स्टॉल घेतला होता. आदल्या शनिवारी रात्री फ्लेक्सची आठवण झाली. तिने फोन उचलला नाही, उत्तर सोमवारी दहाला आलं. तोवर फ्लेक्सवाल्याने लेबलचाच फोटो ताणून छापला होता, अक्षरं फुटलेली. वेळेबाबत चूक माझी, तिने शनिवार-रविवारचं आधीच लिहून दिलं होतं. पण फ्लेक्स या कामात धरलेला नाही, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने मान्य केलं आणि पानावर ओळ वाढवली: बॅनर, फ्लेक्स, व्हॉट्सॲपची जाहिरात हे वेगळं काम, किमान तीन दिवस आधी कळवणे.

दिवाळीच्या फराळाच्या खोक्याचं काम तिलाच दिलं आहे. ॲडव्हान्स पोचला. यादी या वेळी मी आधीच लिहून नेली, आणि त्यात फ्लेक्स धरला आहे.