सामान्यज्ञानाच्या कार्डांचा डबा: प्रश्न झकास, उत्तरं तपासून घ्या

सुट्टी लागली की ठाण्यात गोखले रोडच्या स्टेशनरीवाल्यांकडे हे डबे लागतात. 200 कार्डं, चार रंग: इतिहास, ठिकाणं, प्राणी-पक्षी आणि बायबलमधल्या व्यक्ती. छापील किंमत 399, मागितलं तर साडेतीनशेला देतात.

डब्यात सरस आहेत ती जांभळी, बायबलची कार्डं. प्रश्न काढणाऱ्याने मूळ ग्रंथ उघडून पाहिलेला दिसतो. योनाला कोणी गिळलं? ‘देवमासा’ हा पर्याय फसवायला ठेवलाय, उत्तर ‘मोठा मासा’. एदेन बागेतलं फळ कोणतं? उत्पत्तीत त्याचं नावच नाही, सफरचंद मागाहून चिकटलं. येशूला बघायला पूर्वेकडून किती ज्ञानी आले? मत्तय आकडा देत नाही. सोनं, ऊद, गंधरस या भेटी तीन, म्हणून माणसं तीन धरली जातात. मोठ्यांचीही इथे विकेट पडते. घोळ एकच: येशूला बाप्तिस्मा देणारा योहान आणि बारा शिष्यांतला योहान एकच केलेत. मासुंदा तलावाजवळचं चर्च त्यातल्या पहिल्याच्या नावाचं आहे.

बाकी रंगांत जुनाच मजकूर पुन्हा छापलाय. महाराष्ट्रात जिल्हे किती? म्हणे 35! आणि हे विकताय ठाण्यात. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर ठाण्यातूनच वेगळा झाला, तेव्हापासून 36. ‘भारतात चित्ता नाही’ हेही शिळं. 1952 मध्ये तो नामशेष जाहीर झाला हे खरं, पण सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले.

रोहित पक्ष्याचं, म्हणजे फ्लेमिंगोचं कार्ड तर उलटंच. नाव मोठ्या रोहितचं, फोटो छोट्याचा. चोच जवळपास पूर्ण गडद, काळपट किरमिजी दिसली तर छोटा. गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं असेल तर मोठा. ठाणे खाडीत दोन्ही येतात, त्यामुळे ऐरोलीला बोटीत बसलेलं पोर ही चूक लगेच पकडेल.

रेल्वेचं कार्ड छान. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 14 डबे. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. फक्त ‘पहिली रेल्वे’च्या जागी ‘पहिली प्रवासी रेल्वे’ करा. मद्रासकडची रेड हिल्सची मालवाहू रेल्वे 1837 ची.

दुरुस्ती बॉलपेनने करू नका, लॅमिनेशनवर शाई पसरते. कागदी स्टिकर चिकटवून त्यावर लिहा. उत्तर प्रश्नाखालीच उलटं छापलंय. पाचवीतलं पोर दोन डावांत उलटं वाचायला शिकतं, तेव्हा कार्ड विचारणाऱ्याच्याच हातात हवं. पावसाळ्यात कार्डं एकमेकांना चिकटतात, जोर लावून ओढलं की कोपऱ्याचा पापुद्रा सुटतो. आधी पत्त्यांसारखी वाकवून मोकळी करा.

घेताना दुकानातच निळा गठ्ठा सोडवून जिल्ह्यांचं कार्ड काढा. 36 असेल तर नवी छपाई, घ्या. 35 दिसलं तर अडीचशेच्या वर देऊ नका.