कालवाच्या भुकटीची बाटली: एसआरएम १५६६बी कुठे पास, कुठे नापास

शिंपल्यांच्या मांसावरून किनाऱ्याच्या पाण्यातले जड धातू ताडायचे, तर प्रयोगशाळेला एक खात्रीचा साक्षीदार लागतो: ज्यातले धातू आधीच ठाऊक आहेत असं मांस. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची एसआरएम (प्रमाणित संदर्भ नमुना) १५६६बी ही गोठवून सुकवलेल्या कालवांची भुकटी त्यासाठी वापरली जाते. बाटली २५ ग्रॅमची. दर खेपेला अर्धा ग्रॅम घेतला तर पन्नास खेपा व्हायला हव्यात, पण ओलावा मोजायला वेगळा भाग जातो, म्हणून चाळीसच धरा.

भुकटी बारीक आणि एकजीव आहे. ती हवेतला ओलावा पटकन ओढते. बाटली उलटसुलट फिरवून एक-दोन मिनिटं हलवावी, वजन झटपट करावं आणि झाकण लगेच लावावं. प्लास्टिकच्या वजनपात्रात स्थिर विजेमुळे ती कडांना चिकटते. अर्ध्या ग्रॅममधले दहा मिलिग्रॅम कडेला राहिले की २ टक्के तिथेच गेले. सगळे आकडे कोरड्या वजनावर असल्याने ओलाव्याची दुरुस्ती चुकवून चालत नाही. मात्र ओलाव्यासाठी भट्टीत तापवलेला भाग पुन्हा पाऱ्याच्या चाचणीला वापरू नये. तापवताना पारा उडण्याचा धोका असतो.

आता आकडे, मिग्रॅ/किग्रॅमध्ये (± नंतरचा आकडा म्हणजे अनिश्चितता): जस्त १४२४ ± ४६, तांबे ७१.६ ± १.६, कॅडमियम २.४८ ± ०.०८, शिसे ०.३०८ ± ०.००९, पारा ०.०३७१ ± ०.००१३. जस्त शिशाच्या साडेचार हजारपटीहून जास्त. या बाटलीची गंमत आणि डोकेदुखी, दोन्ही इथेच आहे.

मोजण्याआधी भुकटी आम्लात विरघळवायची, म्हणजे तिचं ‘पचन’ करायचं: अर्धा ग्रॅम भुकटी, ८ मिली शुद्ध नायट्रिक आम्ल, २ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. भांडं बंद करण्याआधी अर्धा तास तसंच राहू द्यावं, नाहीतर फेस आणि वायूचा दाब एकदम चढतो. मग मायक्रोवेव्हमध्ये हळूहळू २०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन वीस मिनिटं ठेवायचं आणि ५० मिलीपर्यंत पातळ करायचं. या द्रावणात जस्त लिटरला सुमारे १४ मिलिग्रॅम येतं. ज्वाला-एएएस (ज्वालेत धातूने शोषलेला प्रकाश मोजणारं यंत्र) याची जस्ताची सरळ रेषा लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपासच वाकू लागते, म्हणजे आणखी वीसपट पातळ करणं आलं. त्याच द्रावणात शिसं लिटरला फक्त ३ मायक्रोग्रॅम. ते ज्वालेला दिसतच नाही. ग्राफाइट फर्नेस (ज्वालेऐवजी तापलेल्या नळीत मोजणारं एएएस) किंवा आयसीपी-एमएस (अणू वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) हवं. आम्लातून, नळ्यांतून, हातमोज्यांच्या पावडरीतून लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम शिसं आलं तरी उत्तर १० टक्क्यांनी फुगतं. म्हणून प्रत्येक फेरीत किमान तीन ब्लँक (भुकटीविना नुसत्या आम्लाचे नमुने) ठेवावेत, आणि तेही भुकटीसोबत त्याच फेरीत शिजलेले.

‘संदर्भ नमुन्याची रिकव्हरी ९८ टक्के’ (प्रमाणित आकड्याच्या ९८ टक्के मोजलं गेलं) असं वाक्य अहवालात दिसलं की खाली कोणत्या धातूंचे आकडे आहेत ते आधी पाहावं. फक्त जस्त आणि तांबं असेल तर ते तोंडी परीक्षेचे गुण समजा. या बाटलीचा खरा पेपर शिसं आणि पारा.

पाऱ्याची वेगळीच अडचण. द्रावणात तो टिकावा, नळ्यांच्या भिंतींना चिकटू नये, म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा थोडं सोनं घालतात. पण थोडंसंच हायड्रोक्लोरिक घातलं तर त्याच द्रावणातली चांदी क्लोराइड होऊन खाली बसते, आणि कालवं चांदी भरपूर साठवत असल्याने तीच नेमकी मोजायची असते. पाऱ्यासाठी वेगळं द्रावण करा, किंवा पचन टाळून भुकटी थेट जाळून मोजणारं यंत्र वापरा. आर्सेनिकला दोन सापळे आहेत. आयसीपी-एमएसमध्ये आर्गॉन आणि क्लोरीन मिळून वस्तुमान ७५ वर खोटा संकेत देतात, त्यामुळे हेलियमची कोलिजन सेल (खोटे संकेत गाळणारा वायूचा कप्पा) लागते. हायड्राइड पद्धतीत (आर्सेनिकचा वायू करून मोजण्याच्या) तर आर्सेनोबेटेन हे सागरी जीवांतलं आर्सेनिकचं संयुग २०० अंशांच्या पचनातही पुरतं फुटत नाही, म्हणून उत्तर फार कमी येतं. ॲल्युमिनियम कमी आलं तर यंत्राला दोष देऊ नका: आतड्यातल्या गाळातले सिलिकेट हायड्रोफ्लोरिकशिवाय विरघळत नाहीत.

मग ही बाटली शिणाण्यांच्या (मसल जातीच्या शिंपल्यांच्या) तपासणीला चालते का? अर्धवट. कालवं जस्त आणि तांबं अफाट साठवतात, शिणाणे जस्त बऱ्याच अंशी नियंत्रित ठेवतात. शिणाण्याच्या जातकुळीतली निस्टचीच भुकटी म्हणजे एसआरएम २९७६: जस्त १३७ ± १३, तांबे ४.०२ ± ०.३३, शिसे १.१९ ± ०.१८, कॅडमियम ०.८२ ± ०.१६. नमुन्याशी तिचं साधर्म्य जास्त, पण आकड्यांची कुंपणं, म्हणजे ± च्या मर्यादा, सैल. शिशाला १५ टक्के, कॅडमियमला जवळजवळ २० टक्के. १२ टक्के कमी शिसं मोजणारी प्रयोगशाळाही तिथे सहज सुटते. १५६६बीमध्ये हीच कुंपणं ३ टक्क्यांची. आमचा कौल असा: अचूकता पारखायला कालवाची, नमुन्याशी मेळ पाहायला शिणाण्याची. एकच परवडत असेल आणि तपास शिसे-कॅडमियमचा असेल, तर कालवाची. तुलना करताना मोजलेला आणि प्रमाणित आकडा यांतला फरक दोघांच्या एकत्रित अनिश्चिततेच्या दुपटीच्या आत आहे का ते पाहावं. रिकव्हरीचा ‘८० ते १२० टक्के’ हा सरसकट पट्टा १५६६बीसाठी फार ढिला आहे.

बाटलीने जे तपासलं जात नाही ते सगळं तिच्या आधीचं. शिंपल्यांचं पोट त्याच जागच्या गाळलेल्या पाण्यात २४ तास रिकामं केलं नाही, तर गाळाचं लोखंड आणि शिसं मांसाच्या खात्यावर चढतं. स्टीलच्या सुरीने उघडले तर क्रोमियम-निकेल सुरीचं येतं; सिरॅमिक पातं बरं. खडकाला धरून ठेवणारे तंतू कापून टाकावेत, कारण ते स्वतःच धातू धरून ठेवतात. लांबी एका ठरावीक पट्ट्यात ठेवावी आणि वीस-पंचवीस जीव एकत्र दळावेत. अंडी-शुक्राणू सोडल्यावर मांस उतरतं आणि पाणी बदललेलं नसतानाही दर ग्रॅममागे धातू चढलेला दिसतो. एवढ्या चुका पोटात घेऊनही १५६६बीची रिकव्हरी १०० टक्के येऊ शकते.

रोजच्या फेरीला ही भुकटी उधळू नये. एकाच खेपेचे दोन-तीन किलो शिंपले सुकवून, दळून, चाळून घरची भुकटी करावी, तिचे आकडे १५६६बीच्या शेजारी दहा वेळा मोजून ठरवावेत आणि रोज तीच वापरावी. मूळ बाटली महिन्यातून एकदा, आम्लाची नवी खेप आली की, आणि यंत्र दुरुस्त होऊन आलं की उघडावी.