ट्रायम्फ बॉनव्हिलला एलिफंट फूट ॲडजस्टर: एका सीझननंतर

गाडी म्हणजे 1968 ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी120 मोटरसायकल, 650 सीसी. इंग्लंडातच असते, इथल्याच रस्त्यांवर पळते. मागच्या उन्हाळ्याआधी चारही रॉकरना (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या छोट्या तरफा) एलिफंट फूट ॲडजस्टर, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप सेट करायचे स्क्रू, बसवले: स्क्रूच्या टोकाला गोळी, आणि तिच्यावर हलणारा सपाट पाय. आवाज जाईल म्हणून घेणार असाल तर पैसे खिशातच ठेवा. टॅपेट, म्हणजे या गॅपची टकटक, अजून वाजतात, पूर्वीपेक्षा किंचित कमी, इतकंच.

फायदा दुसरीकडे आहे. जुन्या लोखंडी बुलेटवाल्यांना टॅपेट म्हटलं की बाजूचं झाकण उघडून पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणारी दांडी) बोटांनी फिरवून बघायची सवय. ट्रायम्फचं काम वर, रॉकरच्या टोकाशी. रॉकर कमानीत फिरतो, त्यामुळे साध्या स्क्रूचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर घासत सरकतं आणि झिजून तिथे खळगा पडतो. गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खळग्याच्या काठांवर टेकतं, आतली पोकळी त्याला कळत नाही. गेज म्हणतं दोन थाउ (इंचाचे हजारावे भाग), प्रत्यक्षात जास्त. या इंजिनाला थंड असताना इनलेटला 0.002 इंच आणि एक्झॉस्टला 0.004 इंच गॅप लागतो, तिथे एवढी चूक म्हणजे सगळं गणितच गेलं. सपाट पाय दांड्यावर पूर्ण बसतो, म्हणून रीडिंग खरं मिळतं आणि गॅप टिकतो. सीझनमध्ये एक्झॉस्टचे गॅप जवळपास हललेच नाहीत. आधी दर सर्व्हिसला हात लावावा लागायचा.

बसवणं मात्र कटकटीचं. पाय स्क्रूपेक्षा रुंद, त्यामुळे ॲडजस्टर खालूनच घालावा लागतो, म्हणजे रॉकर बॉक्स उतरवणं आलं. हेडचे काही बोल्ट बॉक्समधूनच जातात, तेव्हा नवी गॅस्केट आणि टॉर्क पुन्हा पहिल्यापासून.

सेटिंग नेहमीसारखंच. प्लग काढा, टॉप गिअर टाकून मागचं चाक फिरवा, एक इनलेट पूर्ण उघडला की दुसरा सेट करा, एक्झॉस्टचंही तसंच. फक्त गेज घालण्याआधी पाय बोटाने हलवून सरळ करा, तिरका राहिला तर गेज उगाच अडकतं. स्क्रूला इंचाला 26 आटे, म्हणजे पाव फेऱ्यात साधारण दहा थाउ सरकतात. लॉकनट आवळतानाच गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा. हे मी अजूनही दरवेळी करतो.

घेताना गोळी आणि पाय यांच्यातला खेळ बघा. पहिल्यांदा आलेल्या स्वस्त सेटमधला एक पाय हातातच निसटला. तो इंजिनात सुटला असता तर काय झालं असतं, विचारू नका. सेट परत केला, दुसऱ्याकडून महाग घेतला.

दांड्यांची टोकं आणि जुने स्क्रू गुळगुळीत असतील तर एवढा खटाटोप नको. हेड कधीतरी उतरणारच असेल तेव्हा बसवा, आणि बजेट बेताचं असेल तर फक्त एक्झॉस्टला. रॉकरची वरची झाकणं मात्र अजूनही तशीच सैल होतात. लांबच्या फेरीनंतर एकदा हाताने चाचपून बघायची.